उरलेल्या गाभोळीवर नदी पोसायची?

सणासुदीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असे माझ्या आईचे स्पष्ट मत आहे. चकलीची चव जाते, म्हणते ती. परंतु हे भांडण मुळात जेवणाच्या ताटावरच सुरू झाले, आणि तेही ऐन दिवाळीच्या दिवसांत. तेव्हा ते दिवाळी अंकातच पुढे चालवायला हरकत नाही, अशी मी माझी समजूत घातली आहे. शिवाय ज्यांच्याशी भांडायचे ते माझे मेहुणे आहेत आणि हा अंक त्यांच्या घरी टपालाने जातो. समोरासमोर त्यांनी मला बोलू दिले नाही. आता त्यांना मुकाट्याने वाचावे लागेल.

२०२३ सालच्या ऑक्टोबरात मी शाळेतून दोन महिन्यांची बिनपगारी रजा काढून धाकट्या बहिणीकडे राहायला गेलो होतो. ती अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असते. हे वॉशिंग्टन म्हणजे तिथली राजधानी नव्हे. राजधानी पूर्वेला, हे राज्य पार पश्चिमेच्या टोकाला, पॅसिफिक महासागराच्या काठी. पाऊस आपल्या कोकणासारखा धो धो नाही, पण संपतही नाही. घरोघरी गमबूट. डोंगरावरून येणारे ओढे थेट खाडीला मिळतात, आणि त्या ओढ्यांतून शरद ऋतूत सॅमन नावाचा मासा चढतो.

पहिल्याच रविवारी हा मासा पानात आला. मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणून खपवतात, त्यामुळे मला वाटले होते की हा आपल्या ओळखीचाच कोणीतरी निघेल. तसे काही नाही. रावसाचे कूळ निराळे, याचे निराळे. मासा संपत आला तेव्हा मेहुण्यांनी फडताळातून एक काचेची बाटली काढली. आत नारिंगी मण्यांसारखे टपोरे दाणे. चम जातीच्या सॅमनची गाभोळी, जपानी पद्धतीने दाणा दाणा सुटा करून मिठात मुरवलेली. जपानी लोक तिला इकुरा म्हणतात आणि तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात.

“दादा, ही आमची वर्गणी,” मेहुणे म्हणाले. “नदी राखायचा आमचा जो संघ आहे ना, त्याला या गाभोळीचा पैसा मिळतो. माशानेच माशाचा खर्च भागवायचा. कोणापुढे हात पसरायला नको.”

मला हे वाक्य फार आवडले. खोटे कशाला बोलू? घासाबरोबर मी ते गिळून टाकले. ते पचले नाही, हे कळायला पुढे महिना गेला.

आता ज्या वाचकांनी हा मासा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्यांना लाल पाणी आले, की आमच्याकडे नदीतले मासे उलटे चढू लागतात आणि भाताच्या खाचरांत शिरतात. त्याला आम्ही वलगण म्हणतो. पोटात गाभोळी घेऊन निघालेला तो मासा, आणि त्याच्या वाटेवर टोपल्या, पंचे, जुन्या मच्छरदाण्या घेऊन बसलेला सारा गाव! मीही बसलो आहे. त्या गाभोळीची चव अजून माझ्या जिभेवर आहे. तेव्हा गाभोळी खाणे किंवा विकणे हे पाप आहे, असले प्रवचन माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. तसला अधिकार मला नाही.

सॅमनची वलगण मात्र महासागराएवढी असते. ओढ्याच्या खड्यात जन्म, समुद्रात वाढ. आणि मग दोन, तीन, चार वर्षांनी हा मासा पाण्याचा वास ओळखत ओळखत नेमका आपल्या जन्माच्या ओढ्याला परततो. गोड्या पाण्यात शिरला की अन्न सोडतो. रंग पालटतो, नराच्या जबड्याला आकडा येतो. मादी शेपटीने खडे उडवून खळगा करते, अंडी घालते, आणि थोड्याच दिवसांत दोघेही मरतात. चमच्या एका मादीच्या पोटात तीन हजारांच्या आसपास अंडी असतात. त्यांतली दोन जरी मोठी होऊन परत आली तरी वंश जिथल्या तिथे टिकतो. बाकीची कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातात, पुरात वाहतात, गाळात गुदमरतात. निसर्गाचा व्यवहार असा उधळ्या आहे.

या उधळपट्टीवर माणसाने काढलेला तोडगा म्हणजे उबवणी केंद्र. बहिणीच्या घरापासून जवळच इसाक्वा नावाचे गाव आहे. तिथे असे एक सरकारी केंद्र भर वस्तीत आहे. कोळशाच्या खाणींनी आणि लाकूडतोडीने तिथला ओढा मासळीला पारखा झाला होता, तेव्हा १९३६ साली, मंदीतल्या बेकारांना काम देण्याच्या योजनेतून ते बांधले. मासे दगडी पायऱ्यांच्या शिडीवरून उड्या मारीत हौदात येतात, बायकामुले काचेतून बघतात, आणि ऑक्टोबरात माशांच्या स्वागताची मोठी जत्राच भरते. आत मादीचे पोट चिरून अंडी बादलीत काढतात, त्यांवर नराचे दूध शिंपडतात, आणि थंड वाहत्या पाण्याच्या ताटल्यांत ठेवतात. ओढ्यात जिथे थोडीच अंडी तगतात, तिथे बहुतेक फुटतात. पिल्ले जरा मोठी झाली की पाठीमागचा शेपटीजवळचा एक लहानसा मांसल पर कापून त्यांना सोडून देतात. पुढे मासा गळाला लागला तर पर पाहून कळावे, हा केंद्रातला की रानातला.

केंद्राला बीजासाठी ठरावीक माशांची गरज असते. चांगल्या वर्षी त्याहून पुष्कळ परततात. उरलेले सगळेच वर ओढ्यात सोडावेत, तर केंद्रात वाढलेला मासा रानातल्या माशाशी जुगतो आणि पुढची पिढी ओढ्यात तगायला दुबळी निघते, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणून हे उरलेले मासे मारतात. काही गरिबांच्या अन्नछत्रांना जातात, काही ठेकेदाराला विकतात. आणि त्यात सर्वांत मोलाची वस्तू कोणती, तर गाभोळी.

१९९० साली वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने एक कायदा करून नद्यांच्या खोऱ्यांवार १४ संघ उभे करायची सोय केली. हे सरकारी खाते नव्हे. गावोगावच्या हौशी माणसांचे संघ. ओढ्याकाठी झाडे लावायची, पात्रात ओंडके टाकून माशांना सावली आणि डोह करून द्यायचे, बंद वाटा मोकळ्या करायच्या, मासे मोजायचे, शाळेच्या मुलांना दाखवायचे. यांच्या खर्चासाठी कायद्याने दोन झरे दिले: मासेमारीच्या परवान्यांच्या पैशातला एक वाटा, आणि केंद्रांवर उरलेल्या माशांच्या व गाभोळीच्या विक्रीचा पैसा. त्याहून जास्त लागले तर अनुदानासाठी दारोदार अर्ज करायचे. आमचे मेहुणे अशाच एका संघात आहेत. आठवडाभर संगणकापुढे बसतात आणि शनिवारी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून काटेरी झुडपे उपटतात. माणूस सोन्यासारखा आहे. माझे भांडण त्याच्या हिशेबाशी आहे.

या व्यवस्थेवर तिथे दोन बाजूंनी हल्ला होतो, असे मला गप्पांतून दिसले. एक बाजू सोवळ्यातल्यांची. बहिणीच्या एका शेजारणीला गाभोळी विकणे म्हणजे देवाचा प्रसाद बाजारात मांडणे वाटते. तिला मी एवढेच विचारतो, की मेलेल्या मादीच्या पोटातली अंडी विकली नाहीत तर ती काय जिवंत होणार आहेत? उरले ते विकावे, आणि पैसा नदीलाच द्यावा, यात मला काहीही वावगे दिसत नाही. शेतकरी बियाण्याचे धान्य बाजूला काढून उरलेले बाजारात नेतोच.

दुसरी बाजू हिशेबी मंडळींची, आणि खरा धोका त्यांचा आहे. ही मंडळी म्हणतात, वा, काय सुंदर योजना! मग नदीसाठी सरकारी तिजोरीला हात लावायचेच कारण काय? गाभोळी विका, फुकटचे स्वयंसेवक आहेतच, आणि स्वयंपूर्ण व्हा. स्वयंपूर्ण हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. त्याचे कारण सांगतो.

मॅट्रिकवर शिक्षण थांबलेला मी माणूस, एका लहानशा खाजगी शाळेत पहिल्यांदा मास्तर झालो तेव्हा तिथे वाचनालय नव्हते. आम्ही चार मास्तरांनी मुलांना घेऊन घरोघरची रद्दी गोळा करायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी रद्दीला भाव बरा होता. एक कपाट आणि दोनशेवर पुस्तके आली. चालकांनी वार्षिक समारंभात आमची पाठ थोपटली, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून पुस्तकांची रक्कम काढून टाकली. वाचनालय आता स्वयंपूर्ण आहे, म्हणाले! तिसऱ्या वर्षी रद्दीचा भाव पडला. त्या वर्षी एक पुस्तक आले नाही. चौथ्या वर्षी आम्ही असे पकडलो गेलो, की मुलांनी वर्तमानपत्रे जास्त वाचावीत अशी नव्हे, तर लवकर टाकून द्यावीत अशी इच्छा मनात येऊ लागली. रद्दी विकण्यात आमचे काही चुकले नव्हते. चुकले ते रद्दीच्या भावावर वाचनालय टांगण्यात.

गाभोळीचे नेमके हेच आहे. ती उरते केव्हा? समुद्राने भरभरून दिले तेव्हा. आणि नदीला माणसाची गरज सर्वांत जास्त केव्हा? समुद्राने हात आखडला तेव्हा. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिकमध्ये गरम पाण्याचा एक प्रचंड पट्टा ठाण मांडून बसला होता. शास्त्रज्ञांनीही त्याला ‘ब्लॉब’ असे बेंगरूळ नाव दिले. २०१५ साली प्यूजेट साउंडच्या खाडीत परतलेले कोहो जातीचे सॅमन संख्येने कमी आणि अंगाने लहानखुरे निघाले. मासा लहान म्हणजे गाभोळीही लहान. सुगीच्या वर्षी नदीला मेजवानी आणि दुष्काळात उपास, ही कुठली व्यवस्था? आपल्याकडे दुष्काळी कामे अवर्षणात काढतात. इथे ती पीक चांगले आले तरच काढायची!

बाजारभावाचे तर बोलायलाच नको. उत्तरेकडच्या अलास्का राज्यात हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. तिथे १९७४ सालच्या कायद्याने ना-नफा संस्थांना उबवणी केंद्रे चालवायला परवानगी मिळाली. त्यांचा खर्च भागतो तो परत आलेल्या माशांतला एक हिस्सा स्वतःच पकडून विकण्यातून, आणि कोळ्यांनी मतदान करून स्वतःवर बसवून घेतलेल्या शेकडा दोन-तीन टक्के करातून. हा कर मला फार मोलाचा वाटतो. जो नदीचे खातो त्यानेच ठरवून नदीला देणे, याहून चांगले काय? पण विक्रीच्या भागाची गोम पाहा. संस्थेचा खर्च ठरलेला; मग भाव निम्मा झाला की तेवढ्याच पैशासाठी दुप्पट मासे धरावे लागतात, आणि ते कोळ्यांच्या वाट्यातून जातात. नॉर्वे आणि चिलीचा पिंजऱ्यात वाढवलेला सॅमन बाजारात आला आणि १९९०च्या दशकात अलास्काचे भाव घसरले. २०२३ साली पिंक जातीच्या सॅमनचा भाव पुन्हा कोसळला. बाजारात भाव कोणी पाडला, आणि तोटा कोणाच्या जाळ्याला!

इथवर मेहुण्यांनी ऐकून घेतले असते. पुढचे मुद्दे मात्र मी ओढ्याकाठी उभा राहून शिकलो.

सिएटल शहराच्या वस्तीतून लाँगफेलो नावाचा एक ओढा वाहतो. पहिला पाऊस पडला की तिथे कोहो चढतात, आणि स्वयंसेवक काठाकाठाने फिरून मेलेल्या माद्या मोजतात. मेलेल्या माद्यांत नवल नाही, त्या मरायच्याच असतात. पण इथल्या पुष्कळ माद्या अंडी घालण्याआधी मरतात. पोट चिरून पाहावे तर गाभोळी जशीच्या तशी. वर्षानुवर्षे याचे कारण कोणालाच कळेना. अखेर २०२० साली तिथल्याच संशोधकांनी ते शोधून काढले: मोटारींच्या टायरचे रबर टिकावे म्हणून त्यात एक रसायन घालतात, हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचे विष बनते, आणि रस्त्यावर झिजलेल्या टायरची धूळ पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात उतरते. कोहो काही तासांत गिरक्या घेत मरतो.

मी त्या ओढ्याकाठी उभा होतो तेव्हा मला बहिणीच्या घरची काचेची बाटली आठवली. दोन माद्या. दोघींच्या पोटात गाभोळी. एक केंद्राच्या हौदात मरते, तिची किंमत होते, पावती फाटते, संघाच्या खात्यात पैसे पडतात. दुसरी पुलाखाली मरते. तिची गाभोळी कोणी विकत घेणार नाही, आणि तिच्यासाठी जे करायला हवे, म्हणजे रस्त्याचे पाणी मातीतून गाळून मग ओढ्यात सोडायचे, त्याचा खर्च पहिलीच्या गाभोळीने कोणत्या जन्मी भागणार? पैसा पिकतो जिथे मासा उतू जातो तिथे. गरज असते जिथे मासा उरलेला नाही तिथे.

याची दुसरी बाजू मी केनेडी क्रीकवर पाहिली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. आदल्या दिवशी, शनिवारी, बहीण करंज्यांच्या सारणात गुंतली होती, म्हणून मेहुणे मला आणि भाचीला घेऊन ऑलिंपिया शहरापलीकडे या ओढ्यावर गेले. तिथे नोव्हेंबरात शनिवार-रविवारी १४ संघांपैकी दक्षिण प्यूजेट साउंडचा संघ लोकांना चम मासे दाखवतो. लाकडी मचाणांवर रेनकोट घातलेले स्वयंसेवक उभे राहून मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. ओढा आपल्या गावच्या पऱ्याएवढा, पाणी गुडघाभर, आणि त्यात हातभर लांबीचे, जांभळ्या-हिरव्या पट्ट्यांचे मासे इतके, की खडे दिसेनात. काठावर मेलेल्या माशांचा खच आणि घमघमाट. भाचीने नाक दाबून विचारले, “मामा, हे उचलून का नेत नाहीत?”

स्वयंसेवक बाईंनी तिला छान समजावले. मेलेला मासा खाऊन ओढ्यातले किडे वाढतात, ते किडे खाऊन वसंतात माशांची पिल्ले वाढतात. गरुड येतात, अस्वले येतात, ती अर्धवट खाल्लेले मासे रानात टाकतात आणि त्याचे खत झाडांना मिळते. समुद्रातला नत्र झाडाच्या खोडात सापडतो, तो असा पोचतो. मी पुढे वाचले, की या सबंध वायव्य प्रदेशातल्या नद्यांना सॅमनच्या अंगातून पूर्वी जेवढे नत्र आणि फॉस्फरस मिळत असे, त्याच्या शंभरात सहा-सात हिस्सेच आता मिळतात, असा अंदाज २००० साली अभ्यासकांनी मांडला होता.

मचाणावर उभे राहून मी मेहुण्यांना म्हणालो, “मेहुणेबुवा, या ओढ्याने तुमच्या गाभोळीच्या खात्यात किती पैसे घातले?”

ते म्हणाले, “इथे कुठले? इथे केंद्र नाही. इथे उरतच नाही काही.”

मग? जो ओढा इतका निरोगी, की त्यात उरतच नाही, सगळ्याचा सगळा वापर होतो, तो तुमच्या हिशेबात भिकारी. आणि जिथे ओढा मोडल्यामुळे कारखान्यासारखे मासे काढावे लागतात, ते केंद्र तुमचे कमावते पोर! मग संघाचे मन कोणाकडे ओढ घेईल? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण पोळीइतकीच गाभोळीलाही लागू आहे. उद्या अमुक केंद्रातून कमी पिल्ले सोडा, रानातल्या माशाला जरा मोकळीक द्या, असे कोणी म्हणाले, तर ज्या संघाचा दिवाबत्तीचा खर्च उरलेल्या गाभोळीतून निघतो, तो मोकळ्या मनाने मत देईल काय? मेहुणे देतील. पण सगळेच संघ मेहुण्यांचे नसतात.

आता सर्वांत कळीचे. हे ओढे मोडले कोणी? माशांनी तर नाही. १८५४-५५ साली तिथल्या मूळच्या जमातींनी तहावर सह्या करून आपली जमीन दिली, आणि नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क तेवढा राखून ठेवला. पुढे शंभर वर्षांत लाकूडवाल्यांनी डोंगर बोडके केले. एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ साली बांधलेल्या दोन धरणांत माशांना वाटच ठेवली नव्हती. ती पाडायला २०११ साल उजाडले. हक्क होता, पण मासा कुठे होता? त्या हक्कासाठी निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक नदीवर जाळे टाकीत राहिले, आणि चौदाव्या वर्षापासून सुरुवात करून पन्नासाहून अधिक वेळा पकडले गेले. १९७४ साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी निकाल दिला, की धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा या जमातींचा. आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार अशी पडल्यामुळे खालचा निकाल कायम राहिला: राज्याच्या रस्त्यांखालच्या ज्या शेकडो मोऱ्या माशांची वाट अडवतात, त्या राज्यानेच स्वखर्चाने बदलून द्यायच्या. त्याचे बिल अब्जावधी डॉलरांचे आहे.

मला हा निकाल एखाद्या चांगल्या गोष्टीच्या शेवटासारखा वाटतो. ज्याने वाट अडवली त्याने वाट मोकळी करावी, हे कोर्टाला कळले. मोरीच्या बाबतीत जो न्याय, तो टायरच्या विषाला का नको? बोडक्या काठांना का नको? ज्याची जखम त्याचीच कातडी काढून ठिगळ लावायचे, आणि वर म्हणायचे, मासा स्वतःचा खर्च स्वतः भागवतो!

मेहुण्यांचे उत्तर मी लपवून ठेवणार नाही. ते चांगले आहे. त्या रात्री लक्ष्मीपूजनाची तयारी मांडता मांडता ते म्हणाले, “दादा, तुम्ही दोन महिन्यांचे पाहुणे. मी दहा वर्षे अर्ज लिहितो आहे. देणगीदार झाडाला पैसे देतो, फावड्याला देत नाही. सरकार पुलाला पैसे देते. पण पूल कुठे हवा हे शोधत जो माणूस पावसात महिनाभर फिरला, त्याच्या पेट्रोलला देत नाही. विमा, फोन, कारकुनाचा पगार, गमबूट: हे सगळे कशातून भागवायचे? त्या पैशाला अटी नसतात. थोडा आहे, पण आमचा आहे. तो तुम्ही पाप म्हणून काढून घेतलात, तर संघाला कुलूप लावा.”

मी गप्प बसलो. कारण फावड्याचे त्यांनी सांगितले ते माझ्या शाळेतही खरे आहे. संगणक-कक्षाला देणगी मिळते, खडूला मिळत नाही.

परंतु मी तो पैसा काढून घ्या असे म्हणतच नाही. मी म्हणतो, त्याला जमीन समजू नका, वरचा मजला समजा. संघाचे फावडे, पेट्रोल आणि पगार यांची एक रक्कम राज्याच्या साध्या अंदाजपत्रकात दर वर्षी ठरलेली असावी: मासे येवोत न येवोत, जपानात भाव असो नसो. ती दया म्हणून नव्हे; रस्ते, मोटारी आणि लाकूड यांच्याकडून नदीचे जे येणे आहे, त्यातला हप्ता म्हणून. मग गाभोळीचा पैसा त्याच्यावर येऊ द्या. चांगल्या वर्षी आला तर निम्मा बाजूला ठेवा आणि ब्लॉबसारखे वर्ष आले की खर्चा. जिथे केंद्र नाही अशा ओढ्यांचा त्यात पहिला वाटा ठेवा. आणि उरलेल्या माशांतले जितके उचलून मेल्यानंतर ओढ्यात टाकता येतील तितके आधी टाका. ठेकेदाराची गाडी त्यानंतर येऊ दे. तिथे काही ठिकाणी स्वयंसेवक असे मासे हातांनी पाण्यात टाकतातही. हातांना आठवडाभर वास राहतो, मेहुणे म्हणतात. तक्रारीच्या सुरात नव्हे.

आणि मेहुणेबुवा, तुम्ही “कोणापुढे हात पसरत नाही” असे अभिमानाने म्हणता ना, त्या वाक्यावर माझा खरा राग आहे. हात पसरणारा भिकारी असतो. तुम्ही धनको आहात. गेल्या दहा वर्षांतले तुमचे शनिवार कोणी मोजले आहेत? एका माणसाच्या एका दिवसाची मजुरी तिथल्या दराने धरा, आणि चौदा संघांतल्या माणसांची बेरीज करा. मग कळेल, या व्यवस्थेत खरी वर्गणी कोणाची आहे. गाभोळीची बाटली दाखवू नका मला.

मी परत आल्यावर आमच्यात पत्रे झाली. हा हिशेब त्यांनी मांडायला घेतला आहे, असे बहीण फोनवर म्हणाली. शनिवारी ओढ्यावरून आल्यावर रात्री वही घेऊन बसतात. मधेच माझ्याकडून त्यांनी रद्दीच्या त्या चार वर्षांचे आकडे मागवले. जुनी वही सापडली, वाळवीने कडेला खाल्लेली. पानांचे फोटो काढून पाठवून दिले. तिसऱ्या वर्षाच्या पानावर पुस्तकांच्या रकान्यात माझ्याच हाताने काढलेली आडवी रेघ आहे. ती कशाची, म्हणून त्यांनी उलट टपाली विचारले आहे.